कात्री न लावलेला फोटो

फोटोवाल्याच्या बायकोनं ओला फोटो दोरीवर चिमट्याला लावला आणि कात्री मुद्दाम खणात टाकली.

शहरावरच्या हल्ल्यात एकसष्ट जण गेले; त्यातल्या साठ जणांचे फोटो तिनं महिनाभर खपून छापले होते. उद्या ते सभागृहाच्या भिंतीवर लागणार होते. एकसष्टावा तिचा नवरा; त्याची जागा तेवढी रिकामी होती. अख्ख्या शहराचे चेहरे टिपणाऱ्याचा स्वतःचा एक फोटो नव्हता. घरातलं सगळं जळालं होतं, वाचल्या त्या स्टुडिओतल्या निगेटिव्ह. लग्नातसुद्धा पठ्ठ्यानं कॅमेरा कुणाच्या हाती दिला असेल तर शपथ. प्रत्येक फोटोत नवरी एकटीच.

दुपारी पालिकेचा कारकून यादी घेऊन आला.

“काकू, मिळाला का फोटो? चेहरा नसेल तर नुसतं नाव लावायचं ठरलंय. मी तरी काय करू?”

“नुसतं नाव नको. भिंतीवरचे निम्मे फोटो त्यानं काढलेत. तो त्यांच्यात दिसलाच पाहिजे.”

तिनं वाळलेला फोटो त्याच्यापुढे ठेवला. मान न धरलेलं बाळ, मागे पांढरा पडदा, आणि पडद्यातून आलेला, बाळाची मान तोलून धरणारा एक हात. नखं औषधांनी तपकिरी झालेली, अंगठा जरा वाकडा.

“तान्ह्या पोरांना असाच धरायचा, पडद्याआडून. दुसऱ्या हातात कॅमेऱ्याचं लांब वायरचं बटण. मग फोटोतला हात कापायचं काम माझं. तीस वर्षं इमानेइतबारे कापला.”

“पण हा नुसता हात झाला, काकू. आणि बाळ कुणाचं म्हणून लोक विचारतील.”

तिनं निगेटिव्हचं पाकीट उलटं केलं. नवऱ्याच्या अक्षरात तारीख होती आणि कारकुनाच्या आईचं नाव.

त्यानं ते नाव वाचलं. त्याचा हात आपसूक स्वतःच्या मानेकडे गेला.

“हा आमच्या घरी आहे,” तो म्हणाला. “त्यात हात नाही.”

“नसणारच. माझं काम चोख असतं.”

त्यानं पट्टी लावून फोटो मोजला.

“चौकटीत बसत नाही. कडेनं थोडा कापला तर...” तो थांबला. “राहू दे. चौकटच मोठी करून आणतो.”

सकाळी सभागृहात एकसारख्या चौकटींच्या ओळीत एकच चौकट वीतभर रुंद होती. एक बसड्रायव्हर टोपी काढून त्या चौकटीसमोर उभा राहिला.

“अरे, हा तर आपला फोटोवाला,” वाकड्या अंगठ्याकडे बोट दाखवत तो मागच्याला म्हणाला.

फोटोवाल्याची बायको मागेच ताठ मानेनं उभी होती. नावाची पट्टी अजून लावायची होती.