आम्ही घरीच आहोत

आमच्या राक्षसाला लोक हसले. परीक्षेच्या लघुपटाचा कच्चा तुकडा मी वर्गात दाखवला. परग्रहावरचा जीव स्वयंपाकघराच्या दारातून आत आला आणि मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, गादी चालायला लागली!" झालं, अख्खा वर्ग खिदळला. खोटं नव्हतं म्हणा. तो जीव जुन्या गादीच्या स्पंजाचाच होता. आई कपडे शिवते, तिनेच तो शिवला होता आणि वरची चिकट चकाकी मी हेअर जेलमध्ये भांड्यांचा साबण कालवून आणली होती. आत माझा दादा होता. त्याला घामोळं आलं ते वेगळंच.

सर हसले नाहीत, हे जास्त वाईट. "विज्ञानकथा आहे, कबूल. पण भीती कुठे आहे?" ते म्हणाले. भीती नसेल तर वार्षिक शोमध्ये घेणार नाही, आणि शो हुकला की माझं वर्ष वाया. दादाची तर एकाच दिवसाची सुट्टी उरली होती.

गोष्ट साधी होती. तो जीव माणसाची हुबेहूब नक्कल करतो आणि त्याच्या घरात शिरतो. नट परवडत नव्हते, म्हणून आईचं काम आई करत होती आणि मुलाचं दादा. कॅमेऱ्यावर माझा वर्गमित्र चष्मा. त्याने चष्मा सोडून लेन्स लावल्या तरी नाव काही सुटलं नाही.

मी रागारागाने गादी माळ्यावर फेकली. नक्कल इतकी चांगली आहे, तर राक्षस दाखवायचाच कशाला? फक्त बोलण्यात त्याची एक चूक होऊ दे. मी लिहिलं, घरातून निघताना तो 'येतो' म्हणायच्या ऐवजी 'जातो' म्हणतो.

"अजिबात नाही," आई म्हणाली. "माझा मुलगा माझ्या दारातून 'जातो' म्हणणार नाही. सिनेमात सुद्धा."

"अगं, तो तुझा मुलगा नसतो! परग्रहावरचा असतो!"

"तोंड तर ह्याचंच आहे ना?"

तिच्यापुढे माझं कधी चाललंय? मी कागद चुरगळला आणि सगळे चहाला थांबलो.

चहा गाळता गाळता आईने दादाला विचारलं, "रविवारी येशील ना? कपाट हलवायचंय."

"रविवारी नाही गं," दादा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. "आमचं जरा काम आहे. आम्ही कळवतो नंतर."

दादाचं लग्न होऊन तो वेगळा राहायला गेला होता. आम्ही म्हणजे तो आणि वहिनी. त्यात वावगं काहीच नाही, वहिनी सोन्यासारखी आहे. पण आईची गाळणी हवेतच राहिली. 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत असतो. 'आम्ही' म्हटलं की तो दाराबाहेर. "बरं," आई म्हणाली आणि तिने उरलेला चहा ओतला.

मला वाईट वाटायला हवं होतं. मला संवाद सापडला होता.

दादाला मी त्याचं वाक्य कानात सांगितलं. आईला एवढंच म्हटलं, "रविवारी आपण घरीच आहोत ना, असं विचार. त्याचं उत्तर आलं की हातातलं पातेलं टाक आणि किंचाळ." चष्म्याने कॅमेरा सुरू केला.

"रविवारी आपण घरीच आहोत ना रे?" आईने विचारलं.

दादा जेवत होता. खाली बघूनच म्हणाला, "हो. आम्ही घरीच आहोत."

माझ्या अंगावर काटा आला. आई मात्र किंचाळली नाही. तिने पातेलं हळूच ओट्यावर ठेवलं.

"आम्ही म्हणजे?" तिने विचारलं.

हे मी लिहिलं नव्हतं. दादाने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे. त्याचे कान लाल झाले.

"आई, तुला सांगणारच होतो. माझी बदली झालीये, लांब. पुढच्या महिन्यात आम्ही जातोय."

जातोय म्हणाला तो, आणि आईने त्याला अडवलं नाही.

"अरे, मग चांगलंच आहे की!" ती हसली आणि ताटं गोळा करू लागली. "बढती असेल! कपाटाचं काय, कोणीही हलवेल." मी कट म्हणायचं विसरले होते.

संकलन करताना मला तिचा चेहरा दिसला. त्या प्रश्नानंतरचा, हसण्याच्या आधीचा. चष्मा म्हणाला, "हे ठेवलंस तर शो, नाही तर गादी." निर्लज्ज आहे तो, पण खरं बोलतो. तरी न विचारता ठेवायचा मला धीर होईना. मी लॅपटॉप आईपुढे नेला.

"मी एवढी घाबरलेली दिसते?"

"हो."

"मला वाटलं, मी हसले."

"हसलीस. नंतर."

तिने मशीनवरचं कापड बाजूला केलं आणि तो तुकडा पुन्हा पाहिला. "राहू दे," ती म्हणाली. "त्याला दिसू दे एकदा. मला तोंडाने सांगता यायचं नाही."

शोमध्ये कोणी हसलं नाही. "आम्ही घरीच आहोत" या वाक्यावर सभागृह चिडीचूप झालं, आईच्या चेहऱ्यावर पडदा काळा झाला आणि सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. माझं वर्ष वाचलं. मला आनंद झाला आणि त्या आनंदाचा रागही आला.

दिवे लागल्यावर दादा खुर्च्यांमधून वाट काढत आला. डोळे पुसलेले कळत होते. मागे वहिनी उभी होती.

"आई, चल," तो म्हणाला. "आपण घरी जाऊ. सगळेच."

आई पिशवीत पाण्याची बाटली ठेवत होती. तिने वर पाहिलं, अगदी प्रेमाने.

"तुम्ही दोघं व्हा पुढे," ती म्हणाली. "आम्ही येतो मागून."

दादा जागचा हलला नाही.