थाविनची दुपार

थायलंडमधल्या सुरीन शहरातल्या लाथा-ठोशांच्या आखाड्यात थाविनइतका सरळ लाथ घालणारा दुसरा मुष्टियोद्धा नव्हता. वजन मात्र एकसष्टावर अडलेलं. सोंगक्रानच्या, म्हणजे नववर्षाच्या, सणातली मोठी लढत पासष्ट किलोची होती आणि हातात दोन महिने होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून सांगितलं, "व्यायामाने अंग नुसतं मोडतं. ते भरतं झोपेत. आठ-नऊ तास झोप, नाहीतर सगळं पाण्यात."

थाविनने हे आखाड्याचे उस्ताद सांगाद यांना जसंच्या तसं सांगितलं. उस्ताद हसले. "तिला म्हणावं, एक दिवस रिंगणात ये आणि झोपून दाखव. मेल्यावर झोपायचंच आहे रे!"

पहाटे चारला दहा किलोमीटर धावणं, मग टांगलेल्या पोत्यावर ठोसे, मग भात नि भाजलेली कोंबडी. पूर्वी दुपारी तीन तास डोळा लागायचा. पण आता त्या वेळेला परदेशी हौशी मंडळी शिकायला येत, आणि त्यांचे ठोसे झेलायला उस्तादांना थाविनच हवा असे. संध्याकाळी पुन्हा सराव. तरतरी यावी म्हणून तो औषधाच्या दुकानातल्या बाटल्या रिचवायचा. त्यामुळे रात्री टक्क जागा राहायचा. महिन्याने काट्यावर उभा राहिला. साठ!

"खातोस हत्तीसारखं, वाढतोस उंदरासारखा," उस्ताद म्हणाले आणि धाव पाच किलोमीटरने वाढवली.

मग थाविन केळीच्या बागेत लपून अर्धा-पाऊण तास झोपू लागला. हे एकट्या प्रायोंगला ठाऊक होतं. आखाड्यातला हा धाकटा गडी त्याच्याच गावचा, त्याच्याच खोलीत राहणारा. तिसऱ्या दिवशी अंगावर बर्फाच्या पाण्याची बादली पडली. डोळे उघडले तर समोर उस्ताद, आणि मागे खाली मान घातलेला प्रायोंग.

"दादा, त्यांनी विचारलं, मी काय करू?" प्रायोंग पुटपुटला.

लढतीला तो बासष्टाचा होऊन उतरला, त्यातही दीड किलो सकाळी ढोसलेलं पाणी. दोन फेऱ्या टिकला. तिसरीत प्रतिस्पर्ध्याचं कोपर येताना त्याला स्वच्छ दिसलं. हात वर घ्यायचा हेही कळलं. पण हात आलाच नाही. जबडा दोन ठिकाणी मोडला. उताणा पडलेल्या थाविनकडे बघून गर्दीतलं कोणीतरी ओरडलं, "उशी द्या रे त्याला!" सगळं मैदान हसलं.

इस्पितळात तारांनी जबडा बांधला. तो दोन दिवस, दोन रात्री झोपला. तिसऱ्या दिवशी उस्तादांनी त्याला हलवून उठवलं.

"बाई बरोबर बोलत होती," ते सहज म्हणाले. "प्रायोंगला दुपारी झोपवतोय. परदेशी पाहुणे दुसऱ्याकडे दिले. तीन दिवसांत अर्धा किलो चढला गडी! तुझा जबडा काही पुन्हा मार खायचा नाही. पण आखाड्यात ये. जेवण मिळेल. दुपारी खोलीबाहेर बस, कोणी गलका करू नये एवढं बघ."

थाविनने बांधलेल्या जबड्यानेच मान डोलावली. गावी तोंड दाखवायची सोय उरली नव्हती.

पंधरा दिवसांनी भर उन्हात तो त्या खोलीच्या उंबऱ्याशी बसला होता, नळीने पेज ओढत. आतून प्रायोंगचा झोपाळू आवाज आला.

"दादा, पंखा जरा इकडे फिरव ना."

थाविन उठला आणि त्याने पंखा फिरवला.