नजर समोर ठेवा

बाईंनी उभी हयात शाळेत जीवशास्त्र शिकवलं. हृदयाचे कप्पे रंगीत खडूने काढताना त्यांचा हात कधी अडखळला नाही, आणि मागच्या बाकावर कोण जांभई देतंय हे त्यांना फळ्याकडे तोंड असतानाही कळायचं. मग संस्थेने वर्गावर्गात मोठे पडदे बसवले. दूरच्या कुठल्याशा स्टुडिओतला एक गोडबोल्या तरुण एकाच वेळी सगळ्या शाळांना हृदय शिकवू लागला. बाईंकडे आवाज कमीजास्त करायचं आणि पोरांना गप्प बसवायचं काम उरलं. पुढच्या वर्षी तेवढ्यालाही माणूस लागेनासा झाला.

घर खायला उठलं तेव्हा एका जुन्या सहकारी बाईंनी नवं काम सुचवलं. मुलं आपापल्या घरून संगणकावर प्रवेश परीक्षा देतात, त्यांच्यावर आपल्या घरून लक्ष ठेवायचं. बाईंनी हो म्हटलं. निदान मुलांची तोंडं तरी दिसतील.

तोंडं दिसायची, भरपूर दिसायची. पडद्यावर चौकटी चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत एक चेहरा. आवाज मात्र बंद. एवढ्या घरांचा गोंगाट कोण ऐकणार? कुणाची नजर इकडेतिकडे गेली की चौकट लाल व्हायची. मग बाईंनी ठरवायचं आणि बटण दाबायचं. मुलाच्या पडद्यावर अक्षरं उमटायची : ‘कृपया नजर समोर ठेवा.’ तिसऱ्या सूचनेला पेपर आपोआप बंद.

बाईंचा नवरा छापखान्यातून निवृत्त झालेला, जिभेला हाड नसलेला. मागून डोकावून तो म्हणायचा, “पूर्वी तुला मागच्या बाकावरच्या जांभया कळायच्या. आता त्यांच्या नाकातले केस दिसतात. प्रगती आहे!”

“तुम्ही चौकटीत येऊ नका हो,” बाई म्हणायच्या. “मलाही वरून कुणीतरी बघतंय.”

ती मुलगी नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला बसली होती. दुपारचा पेपर. सुरुवातीला बाईंनी माइक उघडून नियमाप्रमाणे तिचं ओळखपत्र तपासलं, नाव आणि पत्ता मोठ्याने वाचला, आणि कॅमेरा खोलीभर फिरवायला सांगितला. पोपडे उडालेली भिंत दिसली, दोरीवरचे कपडे दिसले, आणि मुलीच्या खुर्चीमागे एक लोखंडी खाट. खाटेवर उशांना टेकून एक बाई अर्धवट बसलेली होती.

“खोलीत दुसरं कुणी चालत नाही,” बाई म्हणाल्या.

“आई आहे, मॅडम. हृदयाचा आजार आहे, आडवं पडलं की तिला दम लागतो.” मुलगी घाईने म्हणाली. “आम्हाला ही एकच खोली आहे. शेजारी विचारलं, पण आजारी माणसाला कोण घेतंय? ती काही बोलणार नाही. शपथ!”

नियमाने बाईंनी तिथेच नकार द्यायला हवा होता. पण त्यांना तो ओठावर आणता येईना. “बरं. पण एक शब्द नको,” त्या म्हणाल्या. खाटेवरच्या बाईने कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले.

पेपर सुरू झाला. मुलगी हुशार होती हे बाईंना तिच्या बसण्यावरूनच कळलं. प्रश्न वाचायची, ओठ मुडपायची, उत्तर टिपायची. पण तिची मान सारखी मागे वळायची आणि चौकट लाल व्हायची. एकदा, दोनदा बाईंनी काणाडोळा केला. मग सुपरवायझरचा निरोप आला : ‘लाल चौकटींवर कारवाई का नाही?’ बाईंनी बटण दाबलं. मुलगी दचकली आणि पडद्याला डोळे लावून बसली.

थोड्या वेळाने तिने मान न वळवता डावा हात पाठीमागे नेला आणि पंजा खाली-वर हलवला. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. शाळेत असल्या खुणा त्यांनी ढिगाने पकडल्या होत्या. म्हणजे आईला उत्तरं विचारतेय की काय? आपण दया दाखवली आणि पोरीने आपल्याच डोळ्यांत धूळ फेकली? बाईंना राग आला. त्या रागातच त्यांनी दुसरी सूचना पाठवली.

त्यानंतर मुलगी दगडासारखी बसली.

मग बाईंचं लक्ष खाटेकडे गेलं. आई पुढे झुकली होती. तिचे खांदे वर-खाली होत होते, तोंड उघडं. तिने मुलीच्या पाठीकडे हात लांबवला आणि मध्येच मागे घेतला. पांघरुणाचं टोक तिने तोंडात कोंबलं. खोकला दाबतेय, हे बाईंच्या लक्षात यायला एक क्षण लागला. तिने उशाजवळचा पेला धरायचा प्रयत्न केला. पेला खाली पडला. मुलीचे खांदे एकदम ताठ झाले. पेला पडल्याचं तिने ऐकलं होतं. पण ती वळली नाही. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि डोळे पडद्यावर खिळलेले होते.

बाईंनी घाईघाईने लिहिलं, ‘मागे बघ. आईकडे बघ.’

मुलीचं उत्तर आलं : ‘मॅडम मी कुठेच बघत नाहीये. प्लीज पेपर बंद करू नका.’

बाईंनी माइक उघडला. पेपर चालू असताना उमेदवाराशी बोलायला सक्त मनाई होती. “अगं ऊठ!” त्या ओरडल्या. “पेपर गेला खड्ड्यात! तुझी आई गुदमरतेय, ऊठ!”

मुलगी उठली. खुर्ची आडवी झाली. तिने आईला मिठीत धरून सरळ केलेलं बाईंनी ओझरतं पाहिलं, आणि चौकट करडी झाली. तिच्यात अक्षरं आली : ‘उमेदवार चौकटीबाहेर. परीक्षा समाप्त.’

नवरा धावत आला. “काय झालं? कुणावर ओरडलीस?”

बाईंनी करड्या चौकटीकडे बोट दाखवलं. बाकीचे चेहरे पडद्यावर तसेच होते, ओठ मुडपत, डोकं खाजवत. पेपर संपेपर्यंत बाईंना त्यांच्याकडे बघत बसावं लागलं.

संध्याकाळी सुपरवायझरचा फोन आला. वयाने त्यांच्या मुलासारखा, बोलायला मऊ. “मॅडम, तुम्ही खोलीत दुसरी व्यक्ती चालवून घेतली. वर उमेदवाराशी बोललात. आता माझे हात बांधलेले आहेत.”

“मला काढा, माझं काही म्हणणं नाही. पण तिची आई कशी आहे?”

“ती माहिती आपल्याला देता येत नाही.”

“आणि तिचा पेपर?”

“ती चौकटीबाहेर गेली ना, मॅडम.”

बाईंनी परीक्षा मंडळाला सगळी हकिगत लिहून पाठवली, चूक आपली आहे, मुलीची पुन्हा परीक्षा घ्या म्हणून. लगेच उत्तर आलं, आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. पुन्हा लिहिलं, पुन्हा आभार. त्या तक्रारी माणूस वाचतच नाही, असं नवऱ्याने सांगितलं. या वेळी त्याने थट्टा केली नाही.

मोठ्याने वाचलेला पत्ता डोक्यात राहिला होता. बाई बस पकडून त्या गावी गेल्या. गल्लीच्या टोकाला दार सापडलं. दार तिच्या मामाने उघडलं. आत लोखंडी खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती. बाईंना आणखी काही विचारावं लागलं नाही.

“दवाखान्यात पोचेपर्यंत होती,” मामा म्हणाला. “आपण कोण?”

“तिला भेटायचं होतं,” बाई म्हणाल्या. तो आवाज ऐकून मुलगी दाराशी आली आणि तिने लगेच ओळखलं. “त्या परीक्षेच्या मॅडम,” ती म्हणाली. “मामा, चहा ठेवशील?”

दोघी समोरासमोर बसल्या. बाईंनी माफी मागितली. मुलीने ती घेतली नाही की नाकारली नाही. म्हणाली, “आमच्या शाळेत विज्ञानाला कुणी नव्हतंच. मी सगळं मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले. आईचा आजारसुद्धा. कुठली झडप नीट मिटत नाही, पाणी कुठे साचतं, सगळं. पेपर सोपा होता, मॅडम.”

“तू हुशार आहेस. मी शिकवेन तुला, पुन्हा बस परीक्षेला.”

“शिकवणारे मोबाइलवर पुष्कळ आहेत.” मग ती म्हणाली, “आईने हाक मारली होती. हळूच. तुमची एक वॉर्निंग आली होती, म्हणून मी मागे हात केला, थांब जरा, असं. त्याचीच दुसरी आली.”

बाईंनी मान खाली घातली.

“त्यानंतर तिने हाक मारली नाही,” मुलगी म्हणाली. “मी पाठमोरी होते. तुम्ही सगळं बघितलंत. मला सांगा.”

“कशाला, बाळ?”

“तुमच्याशिवाय कुणी बघितलेलं नाही. रेकॉर्डिंग मागितलं, ते देत नाहीत.”

कोपऱ्यात मामाच्या हातच्या कपांचा आवाज झाला. बाईंना वाटलं, सांगावं की आई शांत पडून होती, शेवटी एकदम त्रास झाला. पण ही पोर पुस्तकातलं सगळं जाणत होती. तिला फसवता आलं नसतं, आणि फसवायचा हक्कही आपल्याला उरलेला नाही, असं बाईंना वाटलं. त्यांनी सांगितलं. खांदे कसे हलत होते ते, पांघरूण तोंडात कोंबलं ते, पेला पडला ते. हात लांबवला आणि मागे घेतला, हे सांगताना त्यांचा आवाज फुटला. तरी त्या थांबल्या नाहीत.

मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत ऐकत होती. वर्गात पहिल्या बाकावरची मुलं ऐकतात तशी, एक शब्दही निसटू नये म्हणून.

“किती जवळ आणला होता हात?” तिने विचारलं.

“तुझ्या खुर्चीच्या पाठीपर्यंत.”

मामाने चहा आणला. मुलीने स्वतःचा कप उचलला नाही. “आता या तुम्ही,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी ती परीक्षेला बसली नाही. मामाच्या ओळखीने एका औषधाच्या दुकानात लागली, एवढं बाईंना कळलं. बाईंनी त्या दुकानात दोनदा फोन केला. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा तिने उचलला, आवाज ओळखला, आणि म्हणाली, “दुकानात गर्दी आहे, मॅडम. ठेवते.”