कात्रीची करवंटी

मी एक जुनी करवंटी आहे. म्हणजे अर्धी. माझ्या दुसऱ्या अर्ध्याला दांडा लागला, त्याची डवली झाली आणि ती चुलीपाशी गेली. तिची गोष्ट तिच्यापाशी. मित्रांनो, माझ्या वाट्याला एक कोंबडी आली.

गाव होळी, वसईजवळचे. साल एकोणीसशे एक्कावन्न. तांदूळ रेशनवर मिळे. पास्कल आणि त्याची बायको क्लेमेंटीन यांची केळीची वाडी होती आणि वाडीत एक खुराडे होते.

त्या वर्षी खुडूक कोंबडीखाली अकरा अंडी बसवली. नऊ फुटली. नवव्या पिलाची चोच कात्रीसारखी होती, वरची डावीकडे आणि खालची उजवीकडे; म्हणून तिचे नाव कात्रीच पडले. एका पायाची बोटेही आत वळलेली. बाकीची आठ पिले जमिनीवरचा दाणा टिपत. हे चोच मारी आणि दाणा तिथेच राही.

“मान पिरगळून टाक,” पास्कल म्हणाला. “उपाशी मरण्यापेक्षा बरं.”

“उपाशी कशाला? खोलगट भांडं देऊन बघू.”

ते भांडे मी. माझ्या बुडाच्या तीन डोळ्यांपैकी एक गळत होता. क्लेमेंटीनने त्यात मेणबत्तीचे मेण भरले, मला मातीत अर्धे पुरले आणि भिजवलेल्या कण्या काठोकाठ घातल्या. पिलाने चोच बुडवली आणि फावड्यासारखी उचलली. अर्ध्या कण्या बाहेर, अर्ध्या पोटात.

मग क्लेमेंटीनने माझ्याभोवती काटक्यांचे कुंपण घातले; खाण्यापुरते पिलू आत, म्हणजे दुसरे कोणी खाणार नाही. आणि नियम सांगितला.

“सांजेला करवंटी रिकामी दिसली तर कात्री राहील. भरलेली दिसली तर दुसऱ्या सकाळी तिला सोडवायचं. तेव्हा रडायचं नाही. ना तू, ना मी.”

“मी? कोंबडीसाठी?” पास्कल मोठ्याने हसला.

पाचूबंदरची बायजा मासळीची टोपली घेऊन दारावर येई. ती म्हणाली, “रेशनच्या कन्या आनि लंगड्या कोंबडीला! बाय, कालवन कर तिचं. वाटन मी फुकट वाटून देते.”

“तू आधी मासळी ताजी आण, मग वाटण वाट.”

सोमवार: रिकामी.
मंगळवार: रिकामी.
बुधवार: रिकामी. कात्री धुळीत लोळली.

अशी तीन वर्षे.

ती सुखात होती का? मला कण्यांपुरतेच कळते. तिला पिसे साफ करता येत नसत, उवा होत. क्लेमेंटीन राख चोळी. उन्हात ती इतरांबरोबर पंख पसरून पडे. कोंबडा मात्र तिला टोची. चोचीचे टोक वाढे, तेव्हा पास्कल तिला मांडीवर घेई आणि सुपारीच्या अडकित्त्याने ते नेमके छाटी. “गप गो बाय, झालं,” असे म्हणे. ती गप्प बसे. मग तोच अडकित्ता धोतराला पुसून तो सुपारी कातरी.

चौथ्या वर्षी पावसाळा सरताना तिचा गळा सुजला.

सोमवार: रिकामी.
मंगळवार: रिकामी.
बुधवार: रिकामी.
गुरुवार: रिकामी.

शब्द तेच आहेत. पण आता क्लेमेंटीन विहिरीवरून परतण्याआधी पास्कल येई, माझ्यातल्या कण्या मुठीत घेई आणि कुंपणापलीकडे टाकी. चिमण्या खात. कात्री माझ्या काठावर मान टेकून बसलेली असे. मी रिकामी होते आणि खोटी होते.

शुक्रवारी बायजा टोपली रिकामी करून घराकडे चालली होती. हसत म्हणाली, “बाय, तुझ्या दादल्याला पुन्य लागलंय. रोज सांजचा चिमन्यांना जेवन घालतो.”

क्लेमेंटीनने कळशी खाली ठेवली. कुंपणात हात घालून कात्रीला उचलले.

“पास्कल, इकडे ये. छातीचं हाड बघ. विळीसारखं लागतंय. किती दिवस?”

“चार. आज पाचवा.” तो केळीकडे बघत होता. “वाटायचं, उद्या खाईल.”

“कोणाला वाटायचं? तिला?”

 बायजा हसायची थांबली.

क्लेमेंटीन म्हणाली, “मीपण करवंटीच बघत राहिले. कोंबडी बघितलीच नाही.”

शनिवारी सकाळी तिने सुरी काढली. पास्कलने तिच्या हातातून घेतली. कात्रीला मांडीवर घेतले. “गप गो बाय,” तो म्हणाला, “झालं.” ती गप्प बसली, नेहमीसारखी.

केळीच्या बुंध्याशी खड्डा खणला. बायजा आली, पण कालवणाची गोष्ट तिने काढली नाही. ठरल्याप्रमाणे क्लेमेंटीन रडली नाही.

माझे मेण आता निघून गेले आहे. मी कुडापाशी उलटी पडलेली असते. पुढेही त्या खुराड्यात एक आंधळे पिलू वाढले, त्याला नवे भांडे मिळाले. पण क्लेमेंटीन सांजेला भांडे बघून थांबत नाही. एकेक कोंबडी उचलते आणि छातीखाली बोटे फिरवते.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादा अधू जीव असेल तर त्याला खोलगट भांडे द्या, राख चोळा, चोच छाटा. आणि भांडे रिकामे दिसले तरी रोज एकदा त्याच्या छातीखाली हात घाला.