दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

रेकॉर्ड कंपनीच्या माणसांबद्दल माझ्यासमोर चांगलं बोलू नका. मी इंग्लंडमधल्या हल बंदरात मासळीच्या धक्क्यावर वाढलेला, ड्रम बडवून पोट भरणारा माणूस. शिव्या द्यायला मला एरवी निमित्त लागत नाही, पण इथे माझ्याकडे कारण आहे. ते कारण म्हणजे नॉर्मन थॅकरे.

आमचा चौघांचा बँड होता, बोलार्ड्स नावाचा. धक्क्यावर बोटी बांधायला जे लोखंडी खुंट असतात ते बोलार्ड. आम्हीही तसेच, ठेंगणे आणि ठोंबे. क्लाइव्ह गायचा आणि मिरवायचा. नॉर्मन बेस गिटार वाजवायचा आणि क्लाइव्हच्या आवाजावर आपला उंच, बारीक आवाज चढवायचा. तो आवाज आमच्या प्रत्येक गाण्यात आहे. चौथा कीथ, त्याचं सगळं लक्ष पोरींकडे, त्याचं या गोष्टीत काही काम नाही.

नॉर्मनला त्याच्या बहिणीने, विनीने, वाढवलं. बाप आइसलंडच्या बाजूला बोटीसकट बुडाला आणि आईने अंथरूण धरलं. विनी दिवसभर मासे कापायच्या शेडमध्ये राबायची आणि घरी येऊन याच्या चड्ड्या शिवायची. आई गेल्यावर ती लोवेल नावाच्या अमेरिकन विमानदलातल्या माणसाच्या प्रेमात पडली, लग्न केलं आणि त्याच्या देशाला निघाली. नॉर्मन तेव्हा सोळा वर्षांचा होता. "तू गेलीस तर मला बहीण नाही," असं तो तिला तोंडावर म्हणाला आणि स्टेशनवर निरोप द्यायला गेला नाही.

म्हणजे तिला तसं वाटलं. खरं तर तो गेला होता. फलाटावरच्या एका खांबाआड उभा होता. विनी डब्याच्या खिडकीतून मान काढून त्याला शोधत होती, ते त्याने पाहिलं, आणि तरी गधडा पुढे झाला नाही. हे त्याने मला बऱ्याच वर्षांनी, पोटात भरपूर बिअर गेल्यावर सांगितलं. विनीला कधीच नाही. तोवर त्या दोघांत नाताळच्या कार्डापलीकडे काही उरलं नव्हतं.

पासष्ट साली आमच्या दुसऱ्या अल्बमचं काम सुरू झालं, तेव्हा नॉर्मनने एक गाणं आणलं. त्याचं पहिलं आणि एकुलतं एक. 'खांबाआड'. क्लाइव्हने कागद वाचला आणि नाक मुरडलं.

"नॉर्म्या, हे गाणं आहे की मयताची बातमी? पोरी नाचणार कशा यावर?"

"नाचू नका म्हणावं. बसून ऐका."

"बरं, म्हणून तर दाखव."

नॉर्मनने म्हणून दाखवलं. क्लाइव्हने कागद घडी करून त्याच्या हातात परत दिला. मग म्हणाला, "हे तूच गा बाबा. मला नाही पेलायचं." आम्ही ते रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला सगळ्यात शेवटी घातलं, कारण त्याच्यानंतर काही वाजवणं बरं दिसलं नसतं.

रेकॉर्ड तयार झाली त्या दिवशी नॉर्मनने मॅनेजरच्या ऑफिसातून अमेरिकेला फोन लावला. ऑपरेटर बाईने लाइन जोडून देईपर्यंत तो माझी बाही धरून उभा होता. मला त्याचीच बाजू ऐकू येत होती.

"विनी? मी... हो, मीच. रडू नकोस गं, मिनिटामिनिटाला पैसे जळतायत. ऐक. आमचा अल्बम येतोय. तिकडेही येणार आहे. पाठवू का? ... बरं, घे तूच विकत, काय तुझा हट्ट! ऐक, दुसरी बाजू लाव. शेवटचं गाणं. ते मी तुझ्यासाठी म्हटलंय. जे बोलायचं ते सगळं त्यात आहे. ऐकून वाटलं तर फोन कर. नाही वाटलं तर मी पुन्हा त्रास देणार नाही. कसला खोकला झालाय तुला?"

लाइन तुटली. तो घामाघूम झाला होता आणि हसत होता.

"मेल्या, सरळ बोलायचं ना तिला, मी खांबामागे होतो म्हणून," मी म्हटलं.

"सिड्या, बोलता आलं असतं तर गाणं कशाला केलं असतं?"

विनीचा फोन आला नाही. नॉर्मन महिनाभर मॅनेजरच्या ऑफिसात काहीतरी निमित्त काढून जायचा. तिथल्या पोरीने मान हलवली की "बरं बरं" म्हणत परत यायचा. पुढे जायचंही त्याने सोडलं. मी म्हटलं, तूच लाव ना फोन पुन्हा. तो म्हणाला, "त्रास देणार नाही म्हणालोय. तिने ऐकलं आणि तिला नाही वाटलं. संपलं." त्या दिवसांत त्याला बघवत नव्हतं मला. जेवणावरची त्याची वासनाच गेली होती.

मग शरद ऋतूत आमचा अमेरिकेचा दौरा ठरला. आमचं एक उडतं गाणं तिकडे धो धो चाललं होतं. 'जा की, कोण रडतंय'. क्लाइव्हने ते व्हॅनचं चाक बदलेपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून रचलं होतं. सोडून जाणाऱ्या पोरीला टोमणे, बाकी काही नाही. 'बोट सुटली, बरं झालं, घर मोकळं झालं', असला मामला. ते आम्ही सुट्या छोट्या तबकडीवर काढलं होतं. आमच्याकडे सुटी तबकडी निघालेलं गाणं अल्बममध्ये घालत नसत. एकच गाणं लोकांच्या गळ्यात दोनदा मारायचं म्हणजे फसवणूक, असं आम्ही समजत होतो.

क्लीव्हलँडच्या कार्यक्रमाआधी दुपार मोकळी होती. विनीचं गाव, अ‍ॅक्रन, तिथून जवळच होतं. नॉर्मन म्हणाला, "नुसतं दारात उभा राहीन. हाकललं तर हाकललं." त्याने हलहून टॉफीचा डबा आणला होता, तो मांडीवर घेऊन तो टॅक्सीत बसला. मी सोबत गेलो.

दार लोवेलने उघडलं. टायर कारखान्याचा डगला घातलेला, दाढी वाढलेला माणूस. त्याने नॉर्मनला ओळखलं आणि दारातच उभा राहिला.

"उशीर केलास," तो म्हणाला. "ऑगस्टमध्येच गेली ती. फुप्फुसं."

नॉर्मनच्या हातून डबा पडला नाही की काही नाही. मीच म्हटलं, "कळवायचं तरी, दादा."

"तिनेच नको म्हटलं. म्हणाली, त्याला जे म्हणायचं होतं ते त्याने म्हटलंय, आता त्याला त्रास नको." मग तो नॉर्मनकडे वळला. "मरायला टेकलेल्या बहिणीला असं ऐकवतात? ती तुला किती..."

"तिला कळलं नाही का? मी स्टेशनवर होतो, खांबाआड..."

"कसला खांब?"

लोवेल तरातरा आत गेला आणि रेकॉर्ड घेऊन आला. मी आमचा अल्बम ओळखला नाही. आमच्या कव्हरवर धक्का होता, धुकं होतं. याच्यावर वाळू आणि पोहायच्या कपड्यांतल्या पोरी. नॉर्मनने ते उलटं केलं. आमची चौदा गाणी होती, तिथे अकराच होती. क्रम सगळा विस्कटलेला. 'खांबाआड' कुठेच नव्हतं. दुसऱ्या बाजूला सगळ्यात शेवटी होतं, 'जा की, कोण रडतंय'.

नंतर मी चौकशी केली. तिकडची कंपनी गाण्यागणिक गीतकाराचे पैसे भरते, म्हणून संथ गाणी गाळायची आणि खपलेलं एक आत कोंबायचं, हा त्यांचा रिवाज. सगळ्याच विलायती बँडचं तसंच करत. आम्हाला विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. जिने भावासाठी इतकी वर्षं मासे कापले तिच्या आयुष्यातलं एवढं एक गाणं त्यांनी कापलं, आणि त्यांना पत्ताही नाही.

"हे ते गाणं नाही," नॉर्मन म्हणाला.

"दुसरी बाजू, शेवटचं," लोवेल म्हणाला. "सुई मी स्वतः ठेवली. तिला उठवत नव्हतं."

मग नॉर्मनने तिथेच, त्या उंबऱ्यावर उभं राहून, 'खांबाआड' म्हटलं. धड सुरात नव्हतं. शेजारची बाई कपडे वाळत घालायचं थांबून बघायला लागली. लोवेल आधी रागाने ऐकत होता, मग दाराच्या चौकटीला टेकला, मग हळूहळू खाली बसला.

"हे मला कशाला ऐकवलंस?" गाणं संपल्यावर तो म्हणाला. "मला इतके दिवस तुझा राग तरी होता. आता मी काय करू?"

नॉर्मन त्याच्या शेजारी बसला. त्याने एवढंच विचारलं, "ऐकल्यावर काय म्हणाली ती?"

"सुरुवातीला हसली. 'तो वरचा बारीक आवाज आमच्या नॉर्मनचा' म्हणाली. मला बोट वर करून दाखवत होती, आला बघ, आला बघ म्हणून. मग तिचं शब्दांकडे लक्ष गेलं."

संध्याकाळी क्लीव्हलँडला हॉल खचाखच भरला होता. मी क्लाइव्हला सगळं सांगितलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा चेहरा पडलेला पाहिला मी. "'जा की' आज गाळू," तो म्हणाला. "पुन्हा कधीच नको." पोरी पहिल्यापासून त्याच गाण्यासाठी ओरडत होत्या.

"गाळायचं नाही," नॉर्मन म्हणाला.

"अरे, कसं म्हणशील तू?"

"तिने मला ओळखलं ते त्याच्यातच," नॉर्मन म्हणाला, आणि बेस गळ्यात अडकवून माइककडे गेला.

मी ताल धरला. बोट सुटली, बरं झालं. त्याचा आवाज कुठेही चिरकला नाही. त्या दौऱ्यात तो ते रोज गायला, आणि माझी त्याच्याकडे बघायची कधी छाती झाली नाही.