वज्रांकचा बाप

केशरबाईने चपला काढून खुर्चीखाली सरकवल्या आणि सिनेमागृहाच्या त्या मऊ खुर्चीवर सरळ मांडी ठोकली. घरी हातमागाशेजारी बसून धाग्याच्या कांड्या भरायची तिची हीच बैठक होती, आणि भंडाऱ्याला आलो म्हणून पाय लोंबकळत ठेवायचे, हे तिला पटण्यासारखं नव्हतं. शेजारी बसलेल्या तिच्या पोराने, घनश्यामने, इकडेतिकडे पाहिलं. दुपारचा खेळ कॉलेजच्या पोरांनी भरला होता, आणि ती दिवे जायच्या आधीच शिट्ट्या मारत होती.

"माय, पाय खाली सोड."

"काहून? माहं तिकीट नाही काढलं काय?"

घनश्यामने खुर्चीत अंग चोरलं. चाळिशीला टेकलेला, मोहाडीत हातमागावर कोशाच्या रेशमी साड्या विणणारा हा गृहस्थ 'वज्रांक' म्हटलं की पोरासोरांच्या वरताण व्हायचा. पण आज त्याला दुसऱ्या भागाचा आनंद कमी आणि धाकधूक जास्त होती.

त्यांच्या घरची रीत अशी, की सिनेमा पाहायचा घनश्यामने आणि ऐकायचा बाकीच्यांनी. तो मागावर बसून धोटा फेकता फेकता गोष्ट सांगायचा, केशरबाई खाली बसून कांड्या भरता भरता ऐकायची. मारामारी आली की धोटा पळायचा, रडारड आली की मंदावायचा. वडील, लक्ष्मणराव, दुसऱ्या मागावरून मध्येच खोड काढायचे. उडणाऱ्या नायकाची गोष्ट असली की त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा, "अन त्याचा तो मागचा कपडा कुठं अटकत नाही काय?"

'वज्रांक'चा पहिला भाग आला तेव्हा तो दुसरा माग बंद होता. लक्ष्मणराव नुकतेच गेले होते. त्यांच्या छातीत दुखायला लागलं त्या दुपारी घनश्याम साड्यांचा गठ्ठा घेऊन मोटरसायकलने नागपूरला गेला होता. वाटेत एका टपरीवर बसून त्याने येऊ घातलेल्या 'वज्रांक'ची झलक पुन्हा पुन्हा पाहिली आणि फोनची बॅटरी पार उतरवली. संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा अंगणात माणसं बसली होती. घरच्यांनी आपल्याला किती फोन लावले असतील, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. कुणी आपणहून सांगितलंही नाही.

मग त्याने तो सिनेमा पाहिला. वज्रांक विजेच्या वेगाने उडतो, पुरात धरणाच्या दारावर पहारा करणाऱ्या आपल्या बापाकडे झेपावतो, आणि त्याला उशीर होतो. बाप गेलेला असतो. उडता येणाऱ्यालासुद्धा उशीर होतो, हे ऐकायची घनश्यामला त्या दिवसांत फार गरज होती. तो सिनेमा त्याने तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा अंधारात मनसोक्त रडला.

घरी गोष्ट सांगताना मात्र त्याचा धोटा त्या जागी थांबला. नुकतंच कुंकू पुसलेली आई समोर बसली होती. तिला मेलेला बाप कसा सांगायचा? तो बोलून गेला, "पुरात वाहून गेला, पण खालच्या गावात सापडला. जित्ता." केशरबाई कांडीवरून नजर न काढता "बरं झालं" म्हणाली.

आता इतक्या वर्षांनी दुसरा भाग आला आणि केशरबाईने हट्टच धरला, "मले बी पाहाचा आहे." घनश्यामने गर्दी सांगितली, मोठा आवाज सांगितला, बसमधले धक्के सांगितले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि नेसायचं लुगडं बाहेर काढलं. पडद्यावर बापाच्या फोटोला हार दिसला की आपली थाप उघडी पडणार, हे त्याला कळून चुकलं होतं.

दिवे गेले. पहिल्या भागात मोजकं बोलणारा वज्रांक आता इमारतीवरून पडता पडताही विनोद करत होता. घनश्यामला ते मुळीच आवडलं नाही. पण ढगांतली लढाई सुरू झाली आणि तो खुर्चीच्या कडेवर कधी आला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. नको नको म्हणत त्याला मजा येत होती. हार घातलेला फोटो काही दिसत नव्हता.

का दिसत नव्हता, ते मध्यंतरानंतर कळलं. एका भुयाराचं दार उघडलं, धूर निघाला आणि धुरातून खाकी कपड्यातला बाप चालत आला. पुरात वाहून गेलो, खालच्या गावातल्या लोकांनी वाचवलं, असं त्याने वज्रांकला सांगितलं. घनश्यामचीच थाप होती ती, फक्त मोठ्या पडद्यावर. पोरांनी थिएटर डोक्यावर घेतलं. केशरबाईने मान वळवून पोराकडे पाहिलं.

वाचलो, असं घनश्यामला वाटलं, पण क्षणभरच. मग त्याला असा राग आला की पुढची लढाई नीट दिसेना. म्हणजे वज्रांकला उशीर झालाच नव्हता. इतकी वर्षं उशीर झालेले दोघे होते, आता तो एकटा उरला होता.

बसस्टँडवर दोघे चहा घेऊन बाकावर बसले. मोहाडीची गाडी अजून लागली नव्हती.

"चांगला होता," केशरबाई म्हणाली.

"कायचा चांगला? सत्यानास केला."

"काहून? बाप वापस आला ना त्याचा."

"मेलेला माणूस वापस येते काय, माय?" घनश्यामचा आवाज चढला. "मेला होता तो. वज्रांकले उशीर झाला होता. झाला होता उशीर! अन हे आता म्हणून राहिले का झालाच नव्हता..."

तो थांबला. आपली थाप आपणच फोडली, हे त्याच्या ध्यानात आलं. केशरबाईने चहा शांतपणे फुंकला.

"मेला होता, माईत आहे मले. कामिनीच्या घरी टीव्हीवर लागला होता. लय दिवस झाले. म्या पूरा पाहिला."

"मंग बोलली काहून नाही?"

"काय बोलू? तुले सांगणं झालं नाही, मले समजलं. आज बी म्हटलं, फोटोले हार-गिर दिसन अन तू तिथं एकटाच बसशीन. म्हणून आली."

घनश्यामच्या डोळ्यांपुढे सगळं आलं. शेजारची कामिनी, तिचा टीव्ही, आणि सगळं ठाऊक असून समोर कांड्या भरत बसलेली आई. त्याने हातातला कप उगाच फिरवला.

"त्या पहिल्यात," केशरबाई सांगू लागली, "पाणी येऊन राहिलं, तवा तो बाप हातात वायरलेस घेते. अन बोलत नाही. तसाच खाली ठेवून देते."

"ते चूक आहे पिक्चरची. पोराले हाक मारली असती तं तो पोचला असता. सगळेच म्हणतात."

"चूक नाही ते." तिने कप बाकावर ठेवला. "तुह्या बाबानं बी तसंच केलं. म्या तुले लावाले फोन घेतला, तं माह्या हातून काढून उशाखाली ठेवून देल्ला. म्हणे, पोरगा गाडीवर असन, आयकून गाडी पळवन. येऊ दे त्याले आरामानं."

घनश्यामने कप खाली ठेवला.

"मंग तुमी किती फोन लावले मले?"

"कोणं लावला? लावूच देल्ला नाही त्यायनं. मंग ते गेले, अन फोनचं ध्यानच नाही राहिलं कोणाले."

"माहा फोन बंद होता, माय. त्या दिवशी. बॅटरी उतरली होती."

"असन," केशरबाई म्हणाली. "कोणी लावला असता तं समजलं असतं, बंद आहे का चालू."

मोहाडीची गाडी फलाटाला लागली. लोक पिशव्या घेऊन धावले, कुणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. केशरबाईनेही पिशवी उचलली. मग तिने पोराकडे पाहिलं. तो दोन्ही हातांत तोंड धरून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. तिने पिशवी पुन्हा मांडीवर घेतली आणि दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवला.

कंडक्टरने दारातून हाक दिली, "मावशी, येऊन राहिल्या काय?"

"तुमी जा, बाप्पा," ती म्हणाली. "आमी मागच्यानं येतो."