पेशंटनं बोलायचं नाही

मी खुर्ची बोलतेय. अहो, तिकडे कुठे बघताय? ती टेबलामागची उंच, हातांची, गरगर फिरणारी मी नव्हे. ती बालवाडीच्या मोठ्या बाईंची. जरा खाली बघा, तुमच्या गुडघ्यापाशी. हं, ती पिवळी, बुटकी, पाठीवर अर्धवट खरवडलेलं स्टिकर असलेली. ती मी.

माझा जन्म एका सुताराकडे झाला. दाराची चौकट करून लाकूड उरलं, ते टाकवेना, म्हणून त्यानं मला केलं. मी उभी राहिले तेव्हा त्याची बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, हिच्यावर बसणार कोण? मांजर?"

"बसणारे येतील. तू रंग आण," तो म्हणाला.

घरात पिवळा उरला होता, म्हणून मी पिवळी. माझा एक पाय मात्र किंचित आखूड राहिला. त्यामुळे मी डुगडुगते. याची मला फार लाज वाटायची. कुणी बसलं की धस्स व्हायचं, आता हा म्हणणार, ही खुर्ची नापास. बालवाडीत आल्यावर कळलं, की मुलांना डुगडुगणारीच खुर्ची हवी असते. सरळ पायांच्या माझ्या बहिणी भिंतीशी रिकाम्या उभ्या असतात आणि माझ्यासाठी ढकलाढकली चालते.

तसं बालवाडीत बसायला देणं हे खुर्चीचं सगळ्यात कमी महत्त्वाचं काम. मी बस झाले, वाघाचा पिंजरा झाले, डोक्यावर घेतलं तर टोपीही झाले. आणि मग मला कायमची नोकरी लागली. खिडकीजवळच्या कोपऱ्यात मुलांचा दवाखाना होता. तिथं मी पेशंटची खुर्ची झाले.

डॉक्टर होती ढबू. तिचं खरं नाव हजेरीला कानावर पडायचं, पण तिची आई तिला सोडून जाताना दारातून "ढबू, पाणी पी हं! ढबू, शू आली की सांग हं!" असं इतक्यांदा ओरडायची, की ती अख्ख्या वर्गाची ढबू झाली. चार वर्षांची, गोबऱ्या गालांची, हळू आवाजाची. इतक्या हळू आवाजाची, की गाण्याच्या वेळी तिचे फक्त ओठ हलायचे. तिचं बोलणं ऐकायचं तर माझ्याइतकं बुटकं असावं लागायचं.

आणि तिचा सगळ्यात नियमित पेशंट होता भोपू. हा मात्र रस्त्यापलीकडे ऐकू जायचा. ढबूनं काडी ओठांना लावून ताप बघायला घेतला, की हा सुरू. "डॉक्टर, माझ्या पोटात ट्रक गेलाय! डॉक्टर, ट्रकचं चाक पंक्चर झालंय!" ती काडी म्हणजे आइस्क्रीमची. वर्गाच्या ताई ती रोज धुऊन ठेवायच्या आणि "नुसती टेकवायची, तोंडात घालायची नाही" असं रोज बजावायच्या. तरीही ती कुणाकुणाच्या तोंडातून फिरून आली, हे त्यांच्या आयांना कळलं नाही तेच बरं.

एक दिवस ढबू भोपूला वैतागली. तिनं कमरेवर हात ठेवले आणि नियम केला. "पिवळ्या खुर्चीवर बसलं की पेशंटनं बोलायचं नाही. काडी असली तरी नाही, नसली तरी नाही. मी 'झालं' म्हटलं की मगच."

भोपूनं तो नियम पाच मिनिटांत मोडला. पण नियम मोडणाऱ्याचं काय जातं? तो पाळायची जबाबदारी नियम करणाऱ्यावरच येते. ढबूनं तो मनापासून पाळला. स्वतः पेशंट झाली की माझ्यावर ताठ बसायची, ओठ घट्ट मिटून.

असं छान चाललं होतं. आणि वर्ष अर्ध्यावर आलं.

अर्ध्या वर्षाला ताई प्रत्येक मुलाचा आढावा घेतात. कुणाला काय येतं, कुणाचं कुठं अडतंय, पुढच्या अर्ध्या वर्षात कुणाला काय द्यायचं, हे ठरवायला. चांगलीच गोष्ट आहे. ताई कामसू, प्रेमळ, आणि वीस मुलांमागे एकट्या. त्यांनी टेबल खिडकीशी ओढलं, रंगांची पानं, मणी, चित्रं मांडली आणि मुलाला समोर बसवायला हाताशी जी खुर्ची आली ती घेतली.

ती मी होते.

मी डुगडुगून सांगायचा प्रयत्न केला. ताईंनी माझ्या पायाखाली घडी केलेला कागद सरकवला.

आधी भोपू आला. "हा कुठला रंग?" म्हणायच्या आत त्यानं लाल, निळा, हिरवा आणि त्याच्या मामाच्या मोटरसायकलचा रंगही सांगितला. ताई खूश. मग ढबू आली. माझ्यावर ताठ बसली आणि ओठ मिटले.

"ढबूराणी, हा कुठला रंग गं?"

ढबूनं ओठ आणखी घट्ट मिटले.

"हे मणी मोजशील? बरं, हे चित्र कशाचं आहे?"

ढबूनं मण्यांकडे बघितलं, ताईंकडे बघितलं, मग मान वळवून दवाखान्याच्या कोपऱ्याकडे बघितलं. 'झालं' म्हणणारं तिथं कुणी नव्हतं. डॉक्टर स्वतःच पेशंट झालेली, सोडणार कोण?

ताईंनी दुसऱ्या दिवशी परत प्रयत्न केला. त्याच टेबलाशी, माझ्यावरच. आणखी दोघं-तिघं अशीच गप्प बसली, पण ती निदान मान तरी हलवत होती. ढबू म्हणजे भिंत.

ताई आणि मोठ्या बाई बोलत होत्या ते मी ऐकलं. "गाण्यात नाही, गोष्टीत नाही, समोर बसवलं तरी नाही," ताई म्हणाल्या. "हिला मोठ्या गटाचं झेपत नाही की काय? सुट्टीनंतर छोट्या गटात बसवून बघूया?" मोठ्या बाई म्हणाल्या, "आधी आईला बोलवा."

छोटा गट म्हणजे जिन्यापलीकडची खोली. तिथं भोपू नाही. ढबूला जो एकच जीवाभावाचा माणूस होता, तो इकडे राहणार आणि ती तिकडे जाणार.

ढबूची आई ठरल्या वेळेच्या बरीच आधी आली. ताईंनी "बसा ना" म्हटलं आणि ती माझ्यावर बसली. मोठी माणसं माझ्यावर बसली की त्यांचे गुडघे हनुवटीला टेकतात आणि सगळा रुबाब उतरतो. हिच्याकडे रुबाब मुळातच नव्हता. पर्स मांडीवर, पर्सवर दोन्ही हात, आणि तोंड सुरू.

"ताई, माझंच काहीतरी चुकलंय. मी तिच्याशी कमी बोलते का? की फार बोलते? मी एका पुस्तकात वाचलं, की आईनं सतत बोलत राहावं. मग दुसऱ्यात वाचलं, की मुलाला बोलायला जागा द्यावी. मी एक महिना हे केलं आणि एक महिना ते. त्यानंच गोंधळली असेल का ती?"

"अहो, तुमचं काही चुकलेलं नाही—"

"घरी बोलते हो ती! चांगली ओरडते माझ्यावर!" आईनं पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "म्हणजे, मला तरी तसं वाटतं. आता मला वाटायला लागलंय की मलाच भास होतात. हे म्हणतात, तू उगाच घाबरतेस. सासूबाई म्हणतात, हेही उशिराच बोलले. आता हे बोलतात तेवढंच जर तिनं बोलायचं असेल, तर मी घाबरू नको तर काय करू?"

ताईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. हळूच म्हणाल्या, "छोट्या गटात गर्दी कमी आहे. थोडं सावकाश घेता येईल. शिक्षा नाहीये ती."

आईचे हात पर्सवर आवळले. "भोपू?" तिनं विचारलं. "तो नसेल ना तिकडे?"

"नाही."

"झोपेत त्याचं नाव घेते ती," आई म्हणाली. मग नाक ओढून, शहाण्या बाईच्या आवाजात, "बरं. तुम्हाला योग्य वाटत असेल तर तसंच—"

दार ढकलून ढबू आत आली. तिला बाहेर बालवाडीच्या मावशींबरोबर खेळायला ठेवलं होतं. तिनं बघितलं, पिवळ्या खुर्चीवर आपली आई, डोळे लाल, नाक लाल. ती तडक कोपऱ्यात गेली, काडी घेतली आणि आईपुढे उभी राहिली.

"आई, आ कर."

"ढबू, आत्ता नको गं, आम्ही—"

काडी तोंडात गेली. "बोलायचं नाही. पिवळ्या खुर्चीवर पेशंटनं बोलायचं नाही. कुठे दुखतंय ते नुसतं बोट लावून दाखव."

आईनं काय करावं? तिनं छातीवर बोट ठेवलं.

"अरे बापरे," ढबू म्हणाली, त्याच हळू, समजूतदार आवाजात. "गोळ्या द्याव्या लागतील." तिनं टेबलावरचे मणी ओढले. "लाल गोळी सकाळी. निळी जेवल्यावर. हिरवी नको, हिरवी कडू असते, ती बाबांना दे. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. भोपूला मी पाच दिल्या होत्या. तू मोठी आहेस ना, म्हणून तुला दोन जास्त. आणि पाणी पी हं!"

ताईंचा हात हवेतच राहिला होता. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सावकाश, अजिबात आवाज न करता, जमिनीवर मांडी घातली.

"डॉक्टर," त्यांनी विचारलं, "पेशंटनं बोलायचं कधी मग?"

"मी 'झालं' म्हटल्यावर."

"आणि परवा तू या खुर्चीवर होतीस, मी तुला मणी मोजायला सांगितले, तेव्हा?"

ढबूनं ताईंकडे अशा नजरेनं बघितलं, जशा नजरेनं तुम्ही दोनदा समजावूनही न समजलेल्या माणसाकडे बघता. "तेव्हा मी पेशंट होते ना, ताई. तुम्ही 'झालं' म्हणालाच नाहीत."

ताईंनी कपाळाला हात लावला. मग त्या हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आईच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण ते कशाचं हे सांगायची सोय नव्हती. ताई म्हणाल्या, "बोला की आता!" तर तिनं काडी दातांत धरूनच मान हलवली आणि लेकीकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी अजून सोडलं नव्हतं. ढबू सावकाश गोळ्या पुडीत बांधत होती. घाई करणाऱ्यांतली नाहीच ती.

ताई त्याच दिवशी मोठ्या बाईंकडे गेल्या. "सगळ्यांचं परत बघते," त्या म्हणाल्या. "टेबलाशी नाही. खेळताना."

"वीस मुलांचं? वेळ कुठून आणणार?"

"आठवडाभर टेबलावरचं काम बंद ठेवते. नाहीतरी मी टेबलालाच प्रश्न विचारत होते."

आणि खरंच, त्या आठवड्यात ताई जमिनीवर होत्या. कधी दवाखान्यात, कधी ठोकळ्यांत, कधी वाळूपाशी. साडीला रंग, केसांत वाळू. जे दिसलं त्यानं त्या स्वतःच चक्रावल्या. समोर बसवलं की रंग ओळखू न शकणारा एकजण गाड्या रंगांप्रमाणे लावत होता. सगळी उत्तरं देणारा भोपू दुसरं कुणी बोलत असताना अर्धा मिनिटही थांबू शकत नव्हता. आढाव्यात त्याला 'उत्तम' मिळालं होतं. थांबता येतं का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

मग ताईंनी पुढचं अर्धं वर्ष नव्यानं मांडलं. भोपूला दवाखान्यात नंबर पुकारायचं काम दिलं. आतला पेशंट बाहेर आल्याशिवाय पुढचा नंबर नाही! पहिल्या दिवशी बिचाऱ्यानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड धरून ठेवलं होतं. आणि ढबू? सगळंच आलबेल होतं असं नाही. मोठ्या गोलात ती अजूनही गप्पच राहायची, ते काही माझ्यामुळे नव्हतं. म्हणून ताईंनी मोठा गोल मोडून चार-चार मुलांचे लहान गोल केले. पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी गोष्ट चालू असताना ढबू मध्येच म्हणाली, "ताई, ससा चुकीच्या बाजूला पळाला." बरोबर होतं तिचं. ताईंनी पुस्तक उलटं धरलं होतं.

ढबू मोठ्या गटातच राहिली.

तिची आई पुढच्या भेटीला आली ती पुन्हा वेळेच्या आधी, पुन्हा माझ्यावर, पुन्हा गुडघे हनुवटीला. ताई एकेक गोष्ट सांगत होत्या. आई ऐकत होती, हसत होती, आणि शेवटी पुढे वाकून कुजबुजली, "ताई, एक विचारू? आता ती घरी गप्पच बसत नाही. हे जरा जास्त तर होत नाहीये ना?"

आता माझं म्हणाल तर माझं बरं चाललंय. बसायची फळी मधे झिजलीय, एक खिळा वर येतो म्हणून त्याच्यावर पट्टी चिकटवलीय. अर्थात डॉक्टरांनीच.

या आठवड्यात एक नवी मुलगी आलीय. दप्तर पाठीवरून काढत नाही, दारातून आत येत नाही. ताईंनी तिला काही विचारलं नाही. मला उचलून दाराशी नेऊन ठेवलं, बस्स. काल तिनं माझ्याकडे पाठ केली होती. आज तिचा एक हात माझ्या पाठीवर आहे आणि ती नखानं ते स्टिकर खरवडतेय.

तुम्ही कुणी तिचे आईबाबा, आजी, मामा असाल आणि आत्ता दारातून डोकावत असाल, तर कृपा करून "आज काय शिकलीस?" असं लगेच विचारू नका. ती कामात आहे.